मर्सी ओटिस वॉरन : दूरच्या सत्तेविरुद्धची कैफियत

अमेरिकन संघराज्याचे संविधान १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फिया येथे तयार झाले. त्याच्या समर्थनार्थ ज्यांनी लेखण्या उचलल्या त्यांची नावे आज कोणत्याही अभ्यासकाला परिचित आहेत. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांच्या निबंधांना राज्यशास्त्रात अभिजात ग्रंथाचे स्थान लाभले. ज्यांनी या संविधानाला विरोध केला त्यांचे लेखन मात्र दीर्घकाळ जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत आणि पुस्तिकांच्या गठ्ठ्यांत पडून राहिले. इतिहास जिंकणाऱ्यांची बाजू लक्षात ठेवतो हे याचे एक कारण आहे. विरोधकांचे लेखन विखुरलेले होते व बहुतांशी टोपणनावाने झालेले होते, हे दुसरे कारण. या विरोधी पक्षातील एक महत्त्वाची पुस्तिका सुमारे १४० वर्षे एका पुरुषाच्या नावावर जमा होती. ती वस्तुतः एका स्त्रीने लिहिली होती. मर्सी ओटिस वॉरन हे तिचे नाव. नाटककार, कवयित्री आणि इतिहासकार अशा तिन्ही नात्यांनी तिने जे लिहिले, त्याच्या मुळाशी एकच चिंता होती : शासितांच्या नजरेपासून दूर गेलेल्या सत्तेला आवर कोण घालणार?

मर्सीचा जन्म सप्टेंबर १७२८ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील बार्न्स्टेबल या समुद्रकाठच्या गावी झाला. तेरा भावंडांत ती तिसरी. तिचे वडील जेम्स ओटिस हे शेती आणि व्यापार करीत. स्वतःच्या अभ्यासाने ते वकील झाले होते आणि वसाहतीच्या विधिमंडळावर निवडून जात. मुलींना अक्षरओळख व गृहकृत्ये यांपलीकडे काही शिकविण्याची त्या समाजात रीत नव्हती. तथापि जोनाथन रसेल या नात्यातील धर्मोपदेशकाकडे भाऊ शिकत, तेव्हा मर्सीलाही तेथे बसण्याची मुभा मिळाली. लॅटिन व ग्रीक भाषांचे दार तिला बंदच राहिले. ते अभिजात वाङ्मय तिने इंग्रजी भाषांतरांतून वाचले. शेक्सपिअर, मिल्टन आणि पोप वाचले. वॉल्टर रॅलीच्या जगाच्या इतिहासाने तिच्यावर कायमचा ठसा उमटविला. रोमन प्रजासत्ताकाचा उदय आणि ऱ्हास ही तिच्या दृष्टीने केवळ प्राचीन कथा राहिली नाही. पुढे आयुष्यभर ती आपल्या काळाचे माप त्याच कथेने घेत राहिली.

१७५४ मध्ये तिचा विवाह जेम्स वॉरन या प्लिमथच्या जमीनदार व्यापाऱ्याशी झाला. त्यांना पाच मुलगे झाले. जेम्स वॉरन हा वसाहतीच्या राजकारणात शिरला आणि प्लिमथचे घर ब्रिटिश धोरणाच्या विरोधकांचे विसाव्याचे व खलबतांचे ठिकाण झाले. जॉन अ‍ॅडम्स आणि सॅम्युअल अ‍ॅडम्स तेथे येत. जॉनची पत्नी अ‍ॅबिगेल ही मर्सीची निकटची मैत्रीण झाली. त्या दोघींच्या पत्रव्यवहाराला त्या काळच्या स्त्रीजीवनाच्या अभ्यासात आज महत्त्वाचे स्थान आहे.

परंतु मर्सीच्या राजकीय जाणिवेचा खरा उगम तिच्या थोरल्या भावात शोधला पाहिजे. त्याचेही नाव जेम्स ओटिस. जकात अधिकाऱ्यांना कोणाच्याही घरात केव्हाही शिरून झडती घेता यावी म्हणून सरसकट झडतीचे हुकूमनामे दिले जात. १७६१ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात त्याने या हुकूमनाम्यांविरुद्ध तासन् तास युक्तिवाद केला. तो दावा हरला. परंतु तरुण जॉन अ‍ॅडम्स त्या दिवशी श्रोत्यांत होता आणि स्वातंत्र्याच्या चळवळीचा जन्म आपण तेथे पाहिला असे तो वृद्धापणीही मानीत असे. १७६९ मध्ये एका कॉफीगृहात जॉन रॉबिन्सन या जकात आयुक्ताशी झालेल्या झटापटीत ओटिसच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्याची आधीच डळमळू लागलेली मनःस्थिती त्यानंतर सावरली नाही. कुटुंबातील सर्वांत तेजस्वी बुद्धी अशी विझत असताना बहिणीने लेखणी हाती घेतली. भावाचे अपुरे काम तिने पुढे नेले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही काळाचा हा क्रम नजरेआड करता येत नाही.

१७७२ मध्ये ‘द अ‍ॅड्युलेटर’ हे तिचे पद्यनाट्य बॉस्टनच्या वर्तमानपत्रात निनावी प्रसिद्ध झाले. १७७३ मध्ये ‘द डिफीट’ आणि १७७५ मध्ये ‘द ग्रूप’ ही नाटके आली. बॉस्टनमध्ये त्या काळी नाट्यप्रयोगांना कायद्याने बंदी होती, आणि मर्सीने स्वतः कधी रंगभूमी पाहिली होती असे दिसत नाही. ही नाटके वाचण्यासाठी लिहिलेली होती. पात्रांना प्राचीन धाटणीची नावे दिलेली असत. पण रापाशियो हा खलनायक म्हणजे गव्हर्नर टॉमस हचिन्सन, हे बॉस्टनच्या वाचकाला सांगावे लागत नसे. नाट्यगुणांच्या कसोटीला या कृती पुरेशा उतरत नाहीत. त्यांत घटना थोडी आणि भाषणे फार आहेत. त्यांचे महत्त्व विषयात आहे. १७७४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून मॅसॅच्युसेट्सचे निवडून येणारे सल्लागार मंडळ रद्द केले, त्या जागी राजाने नेमलेले सदस्य बसविले आणि गावसभांवर निर्बंध घातले. ‘द ग्रूप’मधील पात्रे म्हणजे हे नेमलेले सदस्य होत. पद, वेतन आणि मानमरातब यांच्या मोबदल्यात आपल्याच गावाचा हक्क दूरच्या राजधानीला विकणारी ही माणसे आहेत. तेरा वर्षांनी संविधानावर टीका करताना मर्सीच्या मनासमोर याच आकृती उभ्या होत्या.

युद्धकाळात जेम्स वॉरनने प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद सांभाळले, काही काळ सैन्याच्या वेतन खात्याचा प्रमुख म्हणून आणि पुढे नाविक मंडळावर काम केले. घर, शेती आणि पाच मुलगे यांचा भार मर्सीवर होता. याच वर्षांत तिने घडामोडींची टिपणे, पत्रे आणि कागद जमवून इतिहासलेखनाला आरंभ केला. १७८१ मध्ये वॉरन कुटुंबाने मिल्टन येथील घर विकत घेतले. हे घर एके काळी त्याच हचिन्सनचे होते. रापाशियोची निर्माती रापाशियोच्या घरात राहावयास गेली, हा योगायोग समकालीनांच्याही लक्षात आला असणार. मात्र त्या घरात सुख फारसे लाभले नाही. १७८३ मध्ये भाऊ जेम्स ओटिस वीज अंगावर पडून मरण पावला. १७८५ मध्ये क्षयाने खंगलेला मुलगा चार्ल्स स्पेनमध्ये वारला. सार्वजनिक जीवनातही वॉरन दांपत्य हळूहळू एकाकी पडत गेले. १७८६-८७ मध्ये कर्ज आणि करांनी पिचलेल्या पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली उठाव केला. तेव्हा या दांपत्याची सहानुभूती बंडखोरांकडे आहे असा प्रवाद पसरला.

या उठावाने धनिक व प्रतिष्ठित वर्ग हादरला आणि बलिष्ठ केंद्राच्या मागणीला जोर चढला. तोवर तेरा राज्ये एका सैलसर परिसंघाने जोडलेली होती. परिसंघाच्या काँग्रेसला कर बसविता येत नसे. करारात दुरुस्ती करावयाची तर तेराही राज्यांची संमती लागे. युद्धकर्ज फिटत नव्हते आणि राज्याराज्यांत व्यापारी तंटे होते, ही वस्तुस्थिती होती. फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींना या करारात सुधारणा सुचविण्याचा अधिकार दिलेला होता. बंद दारांआड सुमारे चार महिने बसून त्यांनी नवे संविधानच तयार केले आणि नऊ राज्यांची मान्यता मिळताच ते अमलात यावे असे ठरविले. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन व एडमंड रँडॉल्फ आणि मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी या उपस्थित तिघांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. गेरी हा वॉरन दांपत्याचा जुना स्नेही होता.

मॅसॅच्युसेट्सच्या अधिवेशनाने ६ फेब्रुवारी १७८८ रोजी १८७ विरुद्ध १६८ मतांनी संविधानाला मान्यता दिली. त्याच महिन्यात बॉस्टनमध्ये ‘ऑब्झर्व्हेशन्स ऑन द न्यू कॉन्स्टिट्यूशन’ ही छोटी पुस्तिका निघाली. लेखक म्हणून ‘अ कोलंबियन पेट्रिअट’ एवढीच सही होती. मर्सी तेव्हा ५९ वर्षांची होती.

पुस्तिकेतील आक्षेप क्रमवार मांडलेले आहेत. पहिला प्रश्न अधिकाराचा. ज्यांना जुन्या करारात सुधारणा करण्यासाठी धाडले, त्यांनी तो करारच मोडीत काढला. आणि हे काम गुप्ततेत झाले. दुसरा प्रश्न हमीचा. सदसद्विवेकाचे आणि मुद्रणाचे स्वातंत्र्य यांना संविधानात कोठेही संरक्षण नाही, हक्कांची सनद नाही, दिवाणी दाव्यांत ज्यूरीची खात्री नाही. तिसरा प्रश्न सत्तेच्या रचनेचा. कार्यकारी आणि विधायक अधिकार एकमेकांत गुंतविले आहेत. सिनेटरांना सहा वर्षांची मुदत असून तीच माणसे पुनःपुन्हा निवडून येऊ नयेत यासाठी कोणतेही बंधन नाही. निवडणुकांचे स्थळ, काळ आणि पद्धती ठरविण्यात काँग्रेसला हात घालता येतो, आणि आपले वेतनही तीच ठरविते. चौथा प्रश्न शस्त्र आणि पैसा यांचा. शांततेच्या काळातही खडी फौज ठेवता येईल आणि करांचे स्रोत केंद्राच्या हाती गेल्यावर राज्ये नावापुरती उरतील.

या सर्व आक्षेपांना सांधणारा धागा अंतराचा आहे. एवढ्या विस्तीर्ण भूप्रदेशातील परस्परभिन्न गरजा एकच विधिमंडळ जाणू शकत नाही, असे ती म्हणते. तीस हजार लोकांमागे जास्तीत जास्त एक प्रतिनिधी या प्रमाणात मतदाराची आणि प्रतिनिधीची ओळख राहत नाही. संघराज्याच्या न्यायालयांपुढे दावा गेला तर सामान्य माणसाला आपला जिल्हा आणि राज्य सोडून खंडाच्या दुसऱ्या टोकाला खेचले जाईल, हा तिचा आक्षेप तर अगदी व्यवहारातला आहे. घोडागाडीच्या आणि शिडाच्या जहाजाच्या काळात अशी फरफट म्हणजे दावा न लढताच हरणे होते. मर्सीला अराजक हवे होते असा याचा अर्थ नाही. परिसंघ दुबळा आहे हे तिला मान्य होते. दुबळेपणावरचा उपाय घाईने, भयापोटी आणि हमीवाचून स्वीकारू नये, एवढेच तिचे म्हणणे होते.

पुस्तिकेतील एक स्थळ मात्र विशेष लक्ष देऊन वाचावे असे आहे. पुराव्याशिवाय काढल्या जाणाऱ्या झडतीच्या हुकूमनाम्यांपासून नव्या संविधानात संरक्षण नाही, असे सांगताना तिला पूर्वीच्या राजवटीतील तोच प्रकार आठवतो. ज्या देशभक्तांनी त्याला अटकाव केला त्यांच्या स्मृतीशी इतक्यात कृतघ्न होता येणार नाही, असे ती सुचविते. त्या देशभक्तांत अग्रभागी तिचा भाऊ होता आणि त्याच्या मृत्यूला पाच वर्षेही झाली नव्हती. परंतु निनावी लेखकाला भावाचे नाव घेण्याची सोय नसते. तर्काच्या कठोर मांडणीत दडलेला हा घरगुती शोक तत्कालीन किती वाचकांना जाणवला असेल, हे सांगणे कठीण आहे.

पुस्तिकेचे पुढे काय झाले हेही वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमधील संविधानविरोधकांनी तिचे पुनर्मुद्रण करून प्रती राज्यभर पाठविल्या. ऑल्बनी येथील समितीने त्यावर कळविले की, लेखन उत्तम आहे, पण आमच्या भागातील सामान्य लोकांना पेलण्यापेक्षा शैली फार उदात्त आणि अलंकारिक आहे. सामान्य माणसाचा हक्क सांगणारी भाषाच त्या माणसापर्यंत पोचली नाही. रोमन इतिहासाचे दाखले आणि लांबलचक वाक्यरचना हे तिचे मोठ्या कष्टाने मिळविलेले धन होते. ज्या विद्येचे दार स्त्रीला अर्धेच उघडे होते, तिच्यावरील आपले प्रभुत्व सिद्ध करणे तिला आवश्यक वाटले असावे. शिवाय टोपणनावाच्या आड वावरणाऱ्या स्त्रीला शिष्टसंमत शैली हेच संरक्षण होते. लोकांसाठी लिहिणे आणि लोकांना कळेल असे लिहिणे यांतील ताण आपल्याकडील एकोणिसाव्या शतकातील गद्याच्या अभ्यासकाला नवा नाही.

जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर हे नववे राज्य ठरले आणि विरोधकांचा पराभव झाला. पण हा पराभव संपूर्ण नव्हता. मॅसॅच्युसेट्ससह अनेक राज्यांनी मान्यता देतानाच दुरुस्त्यांची शिफारस केली होती. १५ डिसेंबर १७९१ रोजी पहिल्या दहा दुरुस्त्या अमलात आल्या. धर्म व मुद्रण यांचे स्वातंत्र्य, झडतीविरुद्धचे संरक्षण, दिवाणी दाव्यांतील ज्यूरी या मर्सीच्या यादीतील मागण्या त्यांत आहेत. सत्तेची रचना मात्र फारशी बदलली नाही. खडी फौज राहिली, करांचा अधिकार राहिला, केंद्र बलिष्ठच राहिले.

याच काळात तिच्यावर सर्वांत क्रूर आघात झाला. तिचा सर्वांत लाडका मुलगा विन्स्लो व्यापारात बुडाला होता. १७८९ मध्ये मर्सीने उपाध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सकडे कुटुंबासाठी शब्द टाकला. तो त्याने रुक्षपणे नाकारला. अखेर विन्स्लोने संघराज्याच्या सैन्यात अधिकारपद पत्करले. नोव्हेंबर १७९१ मध्ये ओहायोच्या प्रदेशात जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा तेथील मूळ रहिवाशांच्या आघाडीने धुव्वा उडविला, त्यात तो ठार झाला. ज्या फौजेच्या कल्पनेला आईने विरोध केला त्याच फौजेत मुलाचा अंत झाला. हक्कांची सनद अमलात आली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. १८०० मध्ये धाकटा जॉर्जही गेला.

१७९० मध्ये तिने आपल्या काव्यनाटकांचा संग्रह प्रथमच स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला आणि तो जॉर्ज वॉशिंग्टनला अर्पण केला. त्यातील ‘द लेडीज ऑफ कॅस्टिल’ या शोकांतिकेचा विषय पाचव्या चार्ल्सच्या सत्तेविरुद्ध कॅस्टिलच्या नगरांनी केलेला उठाव हा आहे. स्थानिक स्वातंत्र्य आणि दूरचा सम्राट हा तिचा जुनाच विषय येथे स्पॅनिश वेशात येतो. १८०५ मध्ये अमेरिकन क्रांतीचा तीन खंडांतील इतिहास बाहेर पडला. अध्यक्ष जेफरसनने स्वतःसाठी आणि मंत्रिमंडळासाठी त्याची वर्गणी भरली. परंतु खप बेताचाच झाला. सरन्यायाधीश मार्शल याने संघवादी दृष्टीने लिहिलेले वॉशिंग्टनचे विस्तृत चरित्र याच सुमारास निघाले आणि वाचकांचे लक्ष तिकडे गेले. या इतिहासात संविधानासंबंधीचा तिचा सूर मवाळ झालेला दिसतो. दुरुस्त्यांनंतर ते स्वीकारण्याजोगे झाले, असे तिचे मत बनले होते. शासकांच्या चारित्र्याबद्दलची धास्ती मात्र कमी झाली नव्हती. अ‍ॅडम्सच्या कारकीर्दीत, १७९८ मध्ये, सरकारवरील टीका गुन्हा ठरविणारा राजद्रोहाचा कायदा झाला, तेव्हा मुद्रणस्वातंत्र्याविषयीची तिची भीती निराधार नव्हती हे दिसून आले होते.

अ‍ॅडम्सचा कल राजसत्तेकडे झुकला, असे तिने या इतिहासात लिहिले. १८०७ मध्ये त्याने संतापून तिला एकामागून एक दहा पत्रे पाठविली. मर्सीनेही माघार घेतली नाही. जवळजवळ चाळीस वर्षांचा स्नेह तुटला. पुढच्याच वर्षी जेम्स वॉरन निवर्तला. १८१२ मध्ये गेरीच्या मध्यस्थीने दोन्ही घरांचा समेट झाला. १८१४ मध्ये ‘द ग्रूप’ दुसऱ्याच कोणाचे आहे असे बोलले जाऊ लागले, तेव्हा ७८ वर्षांच्या अ‍ॅडम्सने बॉस्टनच्या ग्रंथालयात जाऊन तेथील प्रतीवर खऱ्या लेखिकेचे नाव स्वहस्ते नोंदविले. काही आठवड्यांनी, १९ ऑक्टोबर १८१४ रोजी, मर्सी मरण पावली. संविधानावरील पुस्तिकेसाठी असा साक्षीदार उरला नव्हता. ती गेरीच्या नावावर चढली. १९३० नंतरच्या काही वर्षांत चार्ल्स वॉरन या तिच्या वंशज इतिहासकाराने, कॅथरीन मॅकॉली या इंग्रज इतिहासलेखिकेला मर्सीने लिहिलेल्या पत्राच्या आधारे, खरे कर्तृत्व सिद्ध केले.

या कैफियतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्वातंत्र्याचा एवढा कैवार घेणाऱ्या मर्सीने स्त्रियांसाठी मताधिकार मागितला नाही. संविधानविरोधकांत मेसन आणि पॅट्रिक हेन्री यांच्यासारखे गुलामांचे मालक होते. आणि राज्यांच्या हक्कांचा युक्तिवाद पुढील शतकात गुलामगिरीच्या बचावासाठीही वापरला गेला. दूरची सत्ता जुलमी होऊ शकते, तशीच जवळचीही होऊ शकते, हा विचार तिच्या लेखनात पुरेसा आलेला नाही.

भारताच्या संविधानसभेतही केंद्र फार बलिष्ठ होत असल्याची तक्रार सदस्यांनी केली होती आणि नोव्हेंबर १९४९ मधील समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिले. परिस्थिती निराळी होती. फाळणीचा अनुभव ताजा होता, आणि जातिबद्ध समाजात स्थानिक सत्ता दुर्बळांना न्याय देईलच असा भरवसा नव्हता. तथापि आपल्या संविधानात मूलभूत हक्क आरंभापासूनच समाविष्ट झाले. अमेरिकन संविधानात प्रथम जी उणीव होती आणि विरोधकांच्या आग्रहामुळे जी पुढे भरून निघाली, तिचा धडा तोवर जगाला मिळालेला होता. तो देणाऱ्यांत मताचा अधिकार नसलेली आणि स्वतःच्या नावाने बोलूही न शकलेली प्लिमथची एक वृद्ध लेखिका होती, याची नोंद अमेरिकन वाङ्मयाच्या इतिहासाइतकीच संविधानांच्या इतिहासानेही घ्यावयास हवी.